टंचाई कुणाला कशाची

माझी आई प्रत्येक मेसेजच्या शेवटी पूर्णविराम देते. "पोचले." "वाचलं." "ठीक आहे." आणि माझा मुलगा फोन घेऊन माझ्याकडे येतो, आई, आजी चिडलीय का माझ्यावर? मी म्हणते अरे नाही, वाक्य संपलं की टिंब द्यायचं असं तिला शाळेत शिकवलं आणि ती ते आजतागायत पाळतेय, एवढंच. तर तो म्हणतो, पण मेसेज पाठवला म्हणजे वाक्य संपलंच ना, दिसतंच की ते, मग वरून टिंब कशाला, म्हणजे मनात काहीतरी असणारच.

पोरकट वाटेल ही शंका, पण यावर चक्क अभ्यास झालाय. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली १२६ विद्यार्थ्यांना छोटे छोटे संवाद वाचायला दिले, त्यात समोरच्याचं एका शब्दाचं उत्तर कुठे टिंबासकट, कुठे टिंबाशिवाय. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये टिंब असलं की मुलांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तर टिंब असो नसो, काहीच फरक नाही. थोडक्यात काय तर आजी अजून चिठ्ठी लिहितेय आणि नातू मेसेज वाचतोय. आणि मधे मी, दोघांना समजावत.

टिंबाचं ठीक आहे, हसून सोडून देता येतं. फोनचं तसं नाही, फोनवरून आमच्याकडे खरीखुरी वादावादी होते. आईला आठवण आली की ती थेट फोन लावते, सकाळी सात असोत की दुपारचे तीन. मुलगा मात्र स्वतःच्या जिवलग मित्रालासुद्धा आधी मेसेज टाकतो, कॉल करू का? आईला हे ऐकून धक्काच बसला होता. म्हणाली, आपल्या माणसाशी बोलायला परवानगी लागते का आता, डॉक्टर आहे का तो? आणि मुलाचं म्हणणं असं की न विचारता फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो, कुणालातरी काहीतरी झालं असणार असंच वाटतं, आणि उचलून बघावं तर आजी विचारतेय काय करतोयस. काही नाही म्हणालो तर तिला वाईट वाटतं आणि काम करतोय म्हणालो तर आणखी वाईट वाटतं.

यातली गंमत अशी की दोघंही आपापल्या परीने अत्यंत सभ्य वागतायत. आईच्या लेखी फोन करणं म्हणजे जीव लावणं. मुलाच्या लेखी समोरच्याला मधेच न अडवणं म्हणजे जीव लावणं. माया तीच, फक्त नेमकी उलट दिशेने येतेय, आणि म्हणून एकमेकांना लागतेय.

मी यावर बराच विचार केलाय (मधल्या पिढीला दुसरं काम काय) आणि मला असं वाटायला लागलंय की आपण याला संस्कारांचा प्रश्न म्हणतो, मूल्यांचा म्हणतो, काळ बदललाय वगैरे म्हणतो, पण मुळात हा टंचाईचा प्रश्न आहे. वाढत्या वयात कुणाला कशाची टंचाई होती, हे एकदा कळलं की अर्ध्या भांडणांचा उलगडा होतो. आई लहान होती तेव्हा लांबच्या माणसाचा आवाज ही दुर्मिळ गोष्ट होती. पत्र जाऊन उत्तर यायला आठवडे लागायचे, परगावी फोन लावायचा तर नंबर नोंदवून वाट बघत बसायचं, आणि लागलाच तर एक डोळा घड्याळावर ठेवून ओरडून बोलायचं, सगळे बरे आहेत ना, हो बरे आहेत, ठेवते. अशा माणसाला वाटेल तेव्हा वाटेल तेवढा वेळ फुकट बोलता येतं म्हटल्यावर तो बोलणारच की! तिला जे कधी पुरेसं मिळालं नाही तेच ती नातवाला भरभरून देतेय. आणि नातवाकडे लोकांचे आवाज उतू चाललेत. शाळा, क्लास, मित्र, तीन ग्रुप, शेकडो नोटिफिकेशन्स, चोवीस तास कुणीतरी त्याच्याशी बोलतंच असतं. त्याला टंचाई आहे ती सलग, कुणी हाक न मारलेल्या एका तासाची. म्हणून तो मित्राला तोच देतो.

ही काही माझी फार मोठी अक्कल नाही. रोनाल्ड इंगलहार्ट नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९७१ साली युरोपातल्या सर्व्हेंच्या आधारावर साधारण हेच मांडलं होतं, तो बोलत होता राजकारणाबद्दल. ज्यांचं बालपण युद्धात, भुकेत, अनिश्चिततेत गेलं त्यांना विचारलं की देशाने काय करावं, तर ते म्हणाले शिस्त राखा, महागाई रोखा. त्यांच्याच पोटची, भरल्या घरात वाढलेली मुलं म्हणाली बोलायचं स्वातंत्र्य द्या, कारभारात आमचंही ऐका. माणूस घडत असताना जे कमी पडतं त्याचं मोल मनात कायम जास्त राहतं, असा त्याचा एकूण मुद्दा. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हे सर्व्हे नंतर कितीतरी वर्षं होत राहिले, ती मुलं स्वतः पन्नाशी-साठीची झाली, तरी दोन पिढ्यांमधलं अंतर बऱ्यापैकी टिकून राहिलं. वय झालं म्हणून धाकटे थोरल्यांसारखे झाले नाहीत. तेव्हा ते जे एक आवडतं वाक्य आहे ना, "मोठा झालास की कळेल", ते फारसं खरं ठरत नाही. मोठा झाल्यावर त्याला कळेल, पण ते त्याचं स्वतःचं काहीतरी असेल, तुमचं नव्हे.

वस्तूंचंही तेच. आईच्या कपाटात एक खण आहे, त्यात बंद पडलेल्या रेडिओची वायर आहे, कुठल्या कुलपाच्या आहेत ते देवालाही माहीत नाही अशा किल्ल्यांचा जुडगा आहे, भेटवस्तूंवरचे घडी करून ठेवलेले कागद आहेत, सुतळी, रबरबँड, एका बाजूने कोरी असलेली पाकिटं. मुलाने एकदा उत्साहाने आवरायला काढला तर तिने त्याच्या हातातून एकेक वस्तू परत घेतली. असू दे, लागते कधीतरी. तो म्हणाला, आजी, लागली तर नवीन मागवू, उद्या येते घरी. ती म्हणाली, आणि नाही आली तर? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्याच्या आयुष्यात वस्तू मागवली आणि ती आली नाही असं कधी झालेलंच नाही. त्याच्या दृष्टीने जागा महाग आणि वस्तू स्वस्त. तिच्या दृष्टीने वस्तू महाग. हिशोब दोघांचाही चोख आहे, फक्त भाव वेगवेगळ्या सालातले आहेत.

आणि फोटो! रोलच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटो निघायचे, ते संपेपर्यंत महिने जायचे, मग धुवायला टाकायचे, आणि कुणी डोळे मिटले असले तर ते जन्मभरासाठी मिटलेले. त्यामुळे आई आजही कॅमेरा समोर आला की हात सरळ, मान ताठ, श्वाससुद्धा रोखून उभी राहते. मुलगा म्हणतो आजी जरा नॅचरल राहा ना, की ती आणखी ताठ होते. मग तो तिला न सांगता ती बोलत असताना पंचवीस फोटो काढतो, त्यातला एक ठेवतो, आणि तो खरंच सुंदर असतो, हे कबूल करायला हवं. पण आईला तो आवडत नाही. अगं केस बघ माझे, म्हणते. तिला फोटो म्हणजे आपण कसे दिसायला हवे होतो त्याचा पुरावा, त्याला फोटो म्हणजे आत्ता काय चाललंय त्याची नोंद. तिच्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोची ती तारखेसकट गोष्ट सांगू शकते. त्याच्या फोनमध्ये हजारो आहेत आणि गेल्या वर्षीचा एक शोधायला त्याला वीस मिनिटं लागतात, हे मी आईच्या बाजूने मुद्दाम सांगून ठेवते.

आता "आजकालची मुलं" याबद्दल. सॉक्रेटिसच्या नावावर एक उतारा फिरत असतो, की आजची मुलं चैनीला सोकावलीत, मोठ्यांचा मान ठेवत नाहीत, उलट बोलतात वगैरे. तो सॉक्रेटिसचा नाही. केनेथ जॉन फ्रीमन नावाच्या केंब्रिजच्या एका अभ्यासकाने जुन्या ग्रीकांच्या तरुणांबद्दलच्या तक्रारींचा आपल्या शब्दांत सारांश काढला होता, तो १९०७ साली छापून आला आणि पुढे कुणीतरी उचलून सॉक्रेटिसच्या तोंडी घातला. पण गंमत बघा, उतारा खोटा असला तरी तक्रार जुनीच ठरते, कारण ग्रीकांनी काहीतरी कुरकुर केली होती म्हणूनच तर सारांश काढता आला.

या कुरकुरीवर जॉन प्रोट्झको आणि जोनाथन स्कूलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना त्यांनी विचारलं की तरुण पिढी कुठे कुठे कमी पडते. निघालं काय, तर सत्तेला, अधिकाराला मान देणाऱ्या लोकांना मुलं उद्धट वाटतात, हुशार लोकांना मुलं कमी हुशार वाटतात आणि भरपूर वाचणाऱ्यांना वाटतं मुलांना वाचनाची आवडच राहिली नाही. म्हणजे ज्याचं जे बळ, तिथेच त्याला पुढच्या पिढीची घसरण दिसते. आपण आज जसे आहोत तसेच लहानपणीही होतो असं आपल्याला वाटत असतं, आणि लहानपणीच्या त्या काल्पनिक स्वतःशी आजच्या खऱ्या मुलांची तुलना करतो. मी हे वाचल्यापासून कुणी "आमच्या वेळी आम्ही किती वाचायचो" म्हणालं की मनात म्हणते, तुम्ही वाचायचात, तुमचा सगळा वर्ग नाही. माझ्या वर्गात वाचणारे किती होते ते मला पक्कं आठवतंय.

संयमाचंही एक असंच. ती मार्शमेलोची परीक्षा बऱ्याच जणांना माहीत असेल, मुलाच्या समोर एक खाऊ ठेवायचा आणि सांगायचं थांबलास तर दोन मिळतील. १९६० च्या दशकात सुरू झालेली ही परीक्षा पुढच्या दशकांतही घेतली गेली आणि २०१८ मध्ये संशोधकांनी ते सगळे निकाल शेजारी ठेवून बघितले. त्याआधी मोठ्या माणसांना अंदाज विचारला, तर चारातले तीन जण म्हणाले आजची मुलं कमी थांबतील. प्रत्यक्षात २००० नंतरची मुलं १९६० च्या दशकातल्या मुलांपेक्षा सरासरी २ मिनिटं जास्त थांबली होती. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, थांबणारच, पोटं भरलेली आहेत त्यांची. आता यावर काय बोलणार, माझाच टंचाईचा मुद्दा तिने माझ्यावर उलटवला.

बाकी ते बूमर, मिलेनियल, जेन झी वगैरे लेबलं मला मुळीच पटत नाहीत. अमुक साली जन्मला म्हणून आळशी आणि तमुक साली जन्मला म्हणून कंजूष, हे राशिभविष्यच झालं की. कार्ल मानहाइम नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९२८ सालीच लिहून ठेवलंय की एका वर्षी जन्मलेले लोक आपोआप एक पिढी होत नाहीत. ऐन घडण्याच्या वयात एकाच उलथापालथीत सापडले तर होतात, आणि त्यातही त्याच उलथापालथीतून वेगवेगळे गट अगदी वेगवेगळे धडे घेऊन बाहेर पडतात. माझी आई आणि तिची धाकटी बहीण एकाच घरात, एकाच टंचाईत वाढल्या. आई रबरबँड साठवते, मावशी वाटेल तसा खर्च करते आणि म्हणते लहानपणी पुष्कळ मन मारलं, आता नाही मारणार. टंचाई एकच, पण एकीने पुरवून वापरायचं ठरवलं आणि दुसरीने वसूल करायचं. तेव्हा माझ्या सिद्धांतालाही भोकं आहेत, मला दिसतात ती.

आणि एक टंचाई अशी आहे की जी लहानपणी नसते, नंतर येते. वेळेची. रोजच्या घाईतला वेळ नव्हे, एकूण उरलेला वेळ. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. त्यांचा एक साधा प्रश्न आहे, तुम्हाला अर्धा तास मोकळा मिळालाय, कुणाला भेटाल, घरच्या जवळच्या माणसाला, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाला, की नवीन ओळख झालेल्या आणि पटेलसं वाटणाऱ्या कुणाला? तरुणांची उत्तरं विखुरलेली असतात, म्हाताऱ्यांची बहुतेक घरच्याकडे झुकतात. इथवर आपल्याला वाटतं, हं, वय झालं की माणूस आपल्याच माणसांत रमतो. पण तरुणांना सांगितलं की तुम्ही लवकरच एकटे लांब कुठेतरी कायमचे राहायला जाणार आहात, तर तेही घरच्यालाच निवडायला लागले. आणि वयस्कांना सांगितलं की समजा नवीन औषध निघालं आणि तुम्हाला आणखी २० वर्षं मिळाली, तर त्यांची निवड तरुणांसारखी विखुरली. म्हणजे तो वयाचा गुण नाहीच, वेळ किती शिल्लक आहे या हिशोबाचा आहे. हे वाचल्यावर आई नवीन लोकांना भेटायला का कंटाळते आणि तेच तेच चार फोन रोज का लावते, ते मला जास्त नीट समजलं. मुलाला मी अजून हे सांगितलेलं नाही. सोळाव्या वर्षी आजीकडे उरलेल्या वेळेचा हिशोब त्याच्या डोक्यात घालायची मला घाई नाही, तो पुढच्या वेळी फोन उचलेल पण अपराधी वाटून उचलेल, आणि आईला ते लगेच कळेल.

आता जरा कटू बोलते. पिढ्यांचं अंतर म्हटलं की आपण दोन मतं, दोन चवी असं गोड गोड बोलतो, पण यात सत्ता असते आणि ती कुणाच्या हातात आहे यावर सगळं ठरतं. पूर्वी ती सरळ सरळ थोरल्यांकडे होती, पैसा त्यांचा, घर त्यांचं आणि शहाणपणही त्यांचंच, कारण जगायला जे लागायचं ते त्यांनी आधीच करून बघितलेलं असायचं. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० मध्ये म्हटलं होतं की काही समाजांत मुलं मोठ्यांकडून शिकतात, काहींत सगळे आपापल्या बरोबरीच्यांकडून, आणि आता अशी वेळ येतेय की मोठ्यांना मुलांकडून शिकावं लागेल. हे त्यांनी घरोघरी कॉम्प्युटर यायच्या आधी म्हटलंय! फक्त प्रत्यक्षात ते शिकणं कसं होतं ते मी रोज बघते, त्यात शिकणं फार कमी असतं.

आई फोन घेऊन येते. बिल भरायचंय किंवा कुठेतरी नाव नोंदवायचंय. ती विचारते, हे कसं करायचं? मुलगा मान वर न करता म्हणतो दे इकडे. फोन घेतो, अंगठा चारपाच वेळा स्क्रीनवर नाचतो, ओटीपी कुठला आलाय बघ, हां, झालं, घे. दहा सेकंद. ती म्हणते अरे पण मला दाखव ना, मला करायचंय. तो म्हणतो अगं झालं की, परत लागलं तर सांग, मी आहेच. तो प्रेमाने म्हणतो हे, खरंच. पण पन्नास वर्षं घरातला प्रत्येक पैसा जिने सांभाळला तिला स्वतःचेच पैसे भरायला नातू घरी यायची वाट बघावी लागते, आणि वर काम झाल्याबद्दल त्याचे आभार मानावे लागतात. ओटीपी वाचून दाखवायचं तेवढं काम तिच्याकडे उरलंय. कुणी म्हातारी माणसं टेक्नॉलॉजीला घाबरतात म्हणून विनोद केला ना की मला आता हसू येत नाही. तिला भीती बटनाची नाही. चुकलं तर निस्तरायला परत कुणाच्यातरी तोंडाकडे बघावं लागेल, त्याची भीती आहे.

शेवटी तिने तिच्या पद्धतीने मार्ग काढला. एक वही केली. मुलाला समोर बसवलं आणि सांगितलं, फोन माझ्या हातात राहील, तू फक्त तोंडाने सांगायचं, आणि मी लिहीपर्यंत थांबायचं. मार्शमेलोवाल्या संशोधकांनी हे बघायला हवं होतं, पोरगं तब्बल पाऊण तास थांबलं. वहीत डाव्या बाजूला चित्र, म्हणजे चौकोन काढून त्यात बटन कुठे आहे त्याचा बाण, आणि उजव्या बाजूला क्रमाने काय दाबायचं. प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम, अर्थातच. दोन महिने तिने कुणालाही न विचारता सगळी बिलं भरली आणि प्रत्येक वेळी भरल्यावर आम्हा दोघांना मेसेज, "भरलं."

मग एके दिवशी अ‍ॅप अपडेट झालं. डावीकडचं बटन खाली गेलं, त्याचा रंग बदलला, एक पायरी कमी झाली आणि दोन नवीन आल्या. मुलगा म्हणाला सोपं केलंय गं आजी त्यांनी, बघ किती क्लीन दिसतंय. ती वही उघडी ठेवून फोनकडे बघत होती. मग तिने पूर्ण पानावर तिरकी रेघ मारली, पुढच्या पानावर आजची तारीख घातली, चष्मा लावला आणि त्याला म्हणाली, बस इथे, आणि आधी मला सांग, हे बटन हलवताना आमच्यापैकी कुणाला विचारलं होतं का त्यांनी? तुमच्यात फोन करायलासुद्धा आधी विचारतात ना?